जोडीदाराचा काटा

गावित सरांच्या वर्गात पहिला आठवडाभर कोणी पाण्यात उतरत नसे. तरणतलावाच्या काठावर फरशीवर आम्ही दोघं-दोघं समोरासमोर बसायचो. पाठीवर हवेचं सिलिंडर, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, अंगात ते फुगणारं जाकीट. सकाळी नेमानं पोहायला येणारी मंडळी आमच्याकडे बघत बघत जायची. एवढा सगळा जामानिमा करून ही माणसं कोरडीच का बसलीत, हे त्यांना कळत नसे. पहिले दोन दिवस आम्हांलाही कळलं नव्हतं.

सर आमच्या मागून फिरत. मध्येच एखाद्यापाशी थांबून विचारत, "हवा किती आहे?"

मी माझा काटा बघून म्हटलं, "एकशे ऐंशी."

"ती तुमची. यांची किती?"

समोर दिंडोरीचे सुभाषराव पिंगळे बसले होते. त्यांचा काटा त्यांच्या मांडीखाली गेला होता. 

"मॅडम, स्वतःकडे माणूस न शिकवताही बघतो," सर म्हणाले. "दुसऱ्याकडे बघायला शिकवावं लागतं. त्याला आठवडा जातो."

मी तेव्हा एका शाळेत विज्ञान शिकवत होते. पस्तिशी उलटलेली, पाठ धरलेली, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून पोहायला जात होते. दोन वर्षं पोहल्यावर तलावाच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती पिवळी सिलिंडरं दिसली आणि चौकशी केली, एवढंच. सुभाषरावांचं तसं नव्हतं. दहा एकर द्राक्षबागेचा धनी, मोठा आवाज, विहिरीत सूर मारत वाढलेला माणूस. पाण्याची भीती हा प्रकार त्यांना ऐकूनच ठाऊक. मी मात्र तलावाच्या खोल बाजूला अजूनही काठ सोडत नसे. सरांनी आमची जोडी मुद्दाम लावली होती. "एकाला सगळ्याचीच भीती, एकाला कशाचीच नाही. सरासरी बरी येईल," असं ते म्हणाले होते. हसले नाहीत.

सरांचं नाव हरी गावित. पेठच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावर त्यांचं घर. भात आणि नागली करणारी माणसं. तिथून हा मुलगा नौदलात गेला आणि पाणबुड्या झाला. जहाजांच्या बुडाला चिकटून काम करायचं, गाळात हात घालून हरवलेल्या वस्तू शोधायच्या, असं वीस वर्षं. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास ते परतले, पंचवटीत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तरणतलावावर शिकवायला लागले. अंगानं बुटके, काळेसावळे, छातीनं रुंद. डावा कान पूर्ण बहिरा. त्यामुळे कोणी बोलायला लागलं की उजवा कान पुढे करून मान तिरपी करत. नवख्या माणसाला वाटे, यांना आपलं पटत नाहीये.

शौक म्हणून समुद्राखाली जाणं ही कल्पनाच तेव्हा नाशिकमध्ये कोणाच्या गावी नव्हती. सरांनी कुठूनतरी हवा भरायचा जुना कंप्रेसर मिळवला, सहा सिलिंडरं मिळवली, सगळं स्वतः दुरुस्त केलं आणि आठ-दहा जणांना गोळा केलं. थंडी सुरू झाली की दोन-तीन वेळा ते आम्हांला मालवणला घेऊन जात. बाकी वर्षभर तलाव.

त्यांचा एक नियम मला आजवर दुसरीकडे कुठे भेटला नाही. पाण्यात उतरण्याआधी कोणीही, कुठल्याही क्षणी "आज माझं नको" म्हणू शकत असे. म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. आत्ता नाही, नंतरही नाही, चेष्टेतसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांला एकेकाला उभं करून हे वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं. सुभाषराव पुटपुटले तेव्हा त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

"यात काय शिकायचंय सर? तोंड आहे, वेळ आली की म्हणू," सुभाषराव म्हणाले.

"वेळ येते तेव्हाच म्हणवत नाही. आठ माणसं होडीत तयार बसलेली असतात. त्यांच्यासमोर जीभ उचलत नाही. म्हणून तिला आधीच वळण लावायचं."

पहिल्यांदा मालवणला गेलो तेव्हा हे वाक्य माझ्यावरच आलं. होडी सिंधुदुर्गाच्या मागच्या अंगाला नांगर टाकून उभी होती. मी डोळ्यांवर काच चढवली, पाय पाण्यात सोडले आणि माझ्यानं पुढे सरकवेना. रात्रभर प्रवास करून आलेलो, सगळे माझ्याकडे बघताहेत.

"आज माझं नको," मी म्हटलं. आवाज कसा निघाला कोण जाणे.

"बरं," सर म्हणाले. माझ्या पाठीवरचं सिलिंडर त्यांनी उतरवून घेतलं आणि एक केळं हातात दिलं. पुढे सुभाषरावांकडे वळून म्हणाले, "तुम्हीपण उतरवा."

"मी कशाला? मला काय झालंय? मी त्या चौघांबरोबर जातो की."

"त्या दोन जोड्या आहेत. तिसरा माणूस कोणाचाच नसतो."

सुभाषराव दीड तास होडीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना सर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि काहीतरी बोलले. काय ते मला कळलं नाही. पण किनाऱ्यावर उतरताना सुभाषरावांनी माझी पिशवी उचलली आणि म्हणाले, "उद्या बघू, ताई." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही उतरलो.

दुसरी त्यांची रीत म्हणजे चुकांची वही. होडीत परत आलं, तोंड धुतलं, चहा घेतला की सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकानं आपली चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. सुरुवात सरच करत. "मी वर येताना मागे दोनदाच वळून बघितलं. आणखी बघायला हवं होतं." हे ते स्वतःच्या हातानं वहीत लिहीत, पाढे लिहिणाऱ्या मुलासारखं ठळक अक्षर काढून. मग पुढच्याचा नंबर. ज्याला चूक सापडत नसे त्याला ते म्हणत, "आठवेल, बसा." आणि तो बसून राही.

त्या वहीत माझ्या नावावर एक पान आहे, त्याची गोष्ट सांगते.

तिसऱ्या वर्षी असेल. चौदा मीटर खाली आम्ही खडकांच्या कडेनं चाललो होतो. पाणी त्या दिवशी फार स्वच्छ होतं. एक कासव निवांत पोहत आमच्या पुढून गेलं आणि सुभाषराव त्याच्या मागे निघाले. जोरजोरात पाय मारत. मीही त्यांच्या मागे. कासव काही हाती लागणारं नव्हतं, ते निळ्या पाण्यात विरून गेलं. सुभाषराव थांबले, वळले, आणि मी त्यांचे डोळे बघितले. त्यांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपल्याची खूण. तलावात ही खूण आम्ही शंभरदा केली असेल, पण तिथे ती करणारा माणूस मनातून हसत असे.

हात आपोआप चालले. माझ्या जाकिटाला अडकवलेली जादा नळी काढून मी त्यांच्या तोंडात दिली, त्यांचा पट्टा घट्ट धरला, त्यांनी माझा धरला. ते वर झेपावायला बघत होते. मी डोळ्यांत डोळे घालून मान हलवत राहिले. हळू. श्वास सोडत. आपल्याच तोंडातून सुटलेल्या बारीक बुडबुड्यांच्या मागे राहायचं, त्यांच्या पुढे जायचं नाही. पाच मीटरवर आम्ही तीन मिनिटं तसेच लोंबकळत थांबलो, नियमाप्रमाणे. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. सर आमच्यापासून दोन हातांवर होते. हात छातीशी घट्ट बांधलेले, नजर आमच्यावर. किती वेळ ते तिथे होते कुणास ठाऊक. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

होडीत आता सुभाषरावांची खरडपट्टी होणार, अशी माझी खात्री होती. सरांनी वही उघडली. "पहिली चूक माझी. कासव दिसल्याबरोबर मी दोघांच्या पुढे जायला हवं होतं. मीपण कासव बघत राहिलो." त्यांनी ते लिहिलं. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, यांचा काटा शेवटचा कधी बघितलात?"

मी आठवून बघितलं. खाली उतरल्यावर एकदा. नंतर नाही.

"वाचवलंत छान. पण ती वेळच यायला नको होती. हवा यांची संपली, चूक दोघांची आहे. लिहा."

मला राग आला. पळाले हे, जीव वाचवला मी, आणि वहीत माझंही नाव. नाशिकला पोचेपर्यंत मी सरांशी बोलले नाही. त्यांना ते कळलं होतं, पण त्यांनी समजूतबिमजूत काढली नाही.

त्याच हिवाळ्यात नव्या लोकांचा वर्ग सुरू झाला आणि दरवर्षीप्रमाणे येवल्याहून बाबूराव खैरनार आले. सरांचे नौदलातले जोडीदार. डावा पाय ओढत चालत, हातात काठी. घरी भावाचे हातमाग होते. माग चालवायला पाय लागतात, म्हणून हे बसल्या जागी रेशमाच्या कांड्या भरून देत. आधीच्या वर्षांत माझी आणि त्यांची चुकामूक झाली होती. ते येतात आणि नव्या लोकांशी गप्पा मारतात, इतकंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी मागे बसून ऐकलं.

"तुमच्या या सरांना सर्दी झालती," बाबूराव म्हणाले. सर शेजारीच दोर गुंडाळत होते. "नाक चोंदलेलं. सर्दीत कानातला दाब मोकळा होत नाय, खाली जायचंच नसतं. पण त्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार होते. यानं डॉक्टरसमोर नाक दाबून धरलं, रुमाल लपवला. मलापण नाय सांगितलं."

"मग?" कोणीतरी विचारलं.

"वीस-बावीस मीटरवर याच्या कानात कायतरी फुटलं. दिशाच कळंना. हा सुटला वर. मी सकाळपासून दोनदा खाली जाऊन आलेलो. मला अंगातली हवा सुटेपर्यंत हळूच वर यायला पायजे होतं. पण याला सोडला असता तर हा श्वास कोंडून वर गेला असता अन् छाती फाटली असती. मग धरला याचा पाय. वढत, दाबत, श्वास सोड म्हणून गुद्दे घालत वर आणला. याचा कान गेला. माझा हा पाय."

सर दोर गुंडाळतच होते. मान नेहमीसारखी तिरपी, ऐकत असलेली.

सुभाषरावही तिथे आले होते. त्यांनी विचारलं, "तुम्हांला राग नाही आला?"

"आला की. दोन वर्षं बोललो नाय. मग एक दिवस हा येवल्याला आला. दिवसभर आमच्या ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी मी विचारलं, काय पायजे तुला? तर म्हणला, मी लोकांना शिकवतोय. त्यांना हे तू येऊन सांग. मी म्हणलं, तुझं तूच सांग की. तर म्हणतो, मी सांगितलं का लोक म्हणतात, बघा किती खरं बोलणारा माणूस. मलाच मोठेपणा देतात. तू सांगितलंस तर फक्त चूक राहते." बाबूरावांनी काठीनं फरशीवर टकटक केलं. "तवापासून दरसाल येतो. जेवण चांगलं असतं यांच्या घरी."

सरांनी दोर खुंटीला लावला आणि नव्या मंडळींना जोड्या करून बसायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी वहीतलं माझं पान मनातून मान्य केलं. सरांना सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली.

आणखी एक नियम होता, त्यावरून सगळ्यांची कुरकुर चाले. समुद्रातून वर आल्यावर एक अख्खा दिवस घाट चढायचा नाही. कारण मला विज्ञानामुळे पटत होतं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, तो सावकाश बाहेर पडतो. तेवढ्यात माणूस उंचावर, विरळ हवेत गेला तर त्याचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. बाबूरावांच्या पायाचं तेच झालं होतं, घाटाशिवाय. पण नोकरीधंद्याच्या माणसांना मालवणला एक दिवस नुसतं बसून राहणं जिवावर येई.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. डिसेंबर होता. सकाळी होडीत सगळे तयार झाले आणि सर म्हणाले, "आज माझं नको." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण नियम त्यांचाच होता. कोणी काही विचारलं नाही. होडीवरच्या जाणत्या मालवणी पाणबुड्याबरोबर आम्ही दोनदा खाली जाऊन आलो. सर होडीत चादर पांघरून बसले होते. आमच्या वह्या-पाट्या, वेळा, सगळं त्यांनी बघितलं.

दुपारी खोलीवर पोचतो तो सुभाषरावांचा मोबाईल वाजला. घरून सुशीलावहिनी. दिंडोरीला सकाळपासून पाऊस लागला होता, अवकाळी. बाग फुलोऱ्यात. अशा वेळी लगेच औषध फवारलं नाही तर डावणी रोग दोन दिवसांत घड काळे करतो. आणि ट्रॅक्टर चालवणारा माणूस बहिणीच्या लग्नाला सुरगाण्याला गेलेला. सुभाषरावांनी ओले कपडे तसेच पिशवीत कोंबले आणि भाड्याच्या जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली.

सर जीपच्या दाराशी येऊन उभे राहिले. "उद्या दुपारी जा."

"सर, उद्या दुपारी निघून मी परवा पोचणार. बाग राहील का?"

"घाट आहे मध्ये."

"घाट असा कितीसा उंच आहे? लोक रोज चढतात. काही होत नाही."

"बहुतेक वेळा काही होत नाही," सर म्हणाले. "सुभाषराव, बहुतेक वेळा काही होत नाही म्हणूनच माणूस मरतो."

सुभाषरावांचा आवाज चढला. "तुमचं काय जातंय सांगायला? बाग माझी आहे. वर्षाचं पीक आहे."

 सरांनी मान तिरपी करून त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "मी आज पाण्यात उतरलो नाही. हा ड्रायव्हरही उतरला नाही. आम्हांला घाट चढता येतो. औषधांची नावं आणि मापं लिहून द्या. ट्रॅक्टर मला चालवता येतो, तो फवारायचा पंखा कसा लावायचा तेवढं सांगा."

सुभाषरावांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग खाली बसले आणि माझ्या पेननं लिहायला लागले.  सरांनी तो कागद दोनदा वाचून घेतला, प्रत्येक मापाला "बरोबर?" विचारलं आणि जीप निघाली.

पुढचं मला सुशीलावहिनींनी सांगितलं. सर उजाडताना पोचले. पाऊस थांबला होता, पानं निथळत होती. वहिनींनी पिंपात औषध कालवायचं, सरांनी ट्रॅक्टरवर बसायचं, असं दुपारपर्यंत चाललं. आधी त्यांनी वहिनींच्या तोंडाला फडकं बांधायला लावलं, मगच इंजिन सुरू केलं. "दर ओळीच्या टोकाला थांबायचे आणि मागं वळून बघायचे, मी उभी आहे ना," वहिनी म्हणाल्या. "मला आधी कळेना, काय बघतात. आणि अंगात ताप होता हो. चहा देताना हात लागला तेव्हा समजलं. चटका बसला. म्हटलं, सर झोपा. तर म्हणाले, दोन ओळी राहिल्यात."

ओढ्याकडचा खालचा तुकडा गेला. बाकीची बाग उभी राहिली. सुभाषराव तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सर पंचवटीत आपल्या घरी पडून होते.

पुढच्या खेपेला मालवणला चुकांची वही निघाली, तेव्हा सुभाषराव म्हणाले, "माझी एक जुनी आहे. तुमचं काय जातंय, असं मी म्हटलं होतं. लिहा."

"ही वही समुद्राची आहे," सर म्हणाले आणि पान उलटलं. "आजची सांगा."

त्यानंतर तीन-चार वर्षांत त्यांचे गुडघे गेले. तरणतलावाचं काम सोडून ते बायकोसह पेठच्या बाजूला आपल्या गावी राहायला गेले. कंप्रेसर आणि सिलिंडरं सुभाषरावांकडे आली, वर्ग आम्ही दोघं आणि आणखी तिघं मिळून चालवू लागलो. एका उन्हाळ्यात निरोप आला की सर झोपेतच गेले. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आम्ही त्यांना भेटायला गेलो होतो. तीच शेवटची भेट.

आवणीचे, भात लावायचे दिवस होते. पाड्यावर घरात फक्त काकू होत्या. त्यांनी कोरा चहा ठेवला आणि एका पोरीला शेतावर पिटाळलं. थोड्या वेळानं सर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरून प्लास्टिकचा निळा कागद. ओट्यावर बसताना दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले. मी विचारलं, "सर, एवढं दुखत असताना चिखलात कशाला?"

"चिखलात दुखत नाही. बसल्यावर दुखतं."

वर्गात किती जण आहेत, जोड्या कशा लावल्या, त्या दोघांचं एकमेकांशी पटतं का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. बाबूरावांच्या तब्येतीची चौकशी केली. समुद्राची आठवण येते का, असं सुभाषरावांनी विचारलं, तेव्हा "येते," म्हणाले. तेवढ्यात शेताकडून कोणीतरी त्यांच्या बोलीत हाक मारली. सर लगेच उठले. "रोपं उपटून ठेवलीयत. आजच्या आज लागली पाहिजेत. तुम्ही जेवून जा." आणि उतारावरून सावकाश, एकेक पाऊल टाकत गेले.

जेवून निघालो तेव्हा पाऊस लागला होता. वळणावर सुभाषरावांनी गाडी थांबवली. खाली खाचरात सात-आठ माणसं एका ओळीत वाकून, मागे मागे सरत रोपं लावत होती. सगळ्यांच्या पाठीवर तेच निळे कागद.

"डावीकडून तिसरे," सुभाषराव म्हणाले.

मला ते पाचवे वाटत होते. आम्ही बराच वेळ काच खाली करून बघत राहिलो. ओळ बांधापर्यंत आली, सगळे एकदम सरळ झाले, हातात नव्या जुड्या घेतल्या आणि पुन्हा वाकले. त्यातले सर कोणते, ते शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.